कसं काढलंस ते बोल

शाळेत टॅब आले ते ॲप्सनी गच्च भरलेले. पाढे, शब्दकोडी, नकाशे, चित्रं रंगवणं, आणि प्रश्नमंजुषेची तर तीन-चार. आता त्यांतली बरीचशी काढून टाकली आहेत. रोज उघडली जातात त्यांत सगळ्यात वर कॅमेरा, आवाज टिपणारा रेकॉर्डर आणि स्क्रीन रेकॉर्डिंग आहे. हे सगळं टॅबमध्ये मुळातच असतं, त्याला कोणी ‘शैक्षणिक’ म्हणत नाही. नव्याने टॅब हाती आलेले शिक्षक भेटले की पहिला प्रश्न ‘चांगलं ॲप कोणतं?’ हाच असतो, आणि माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो. म्हणून इथवर कशी आले ते जरा सविस्तर लिहिते. मी पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. एका वर्गाचं मराठीही माझ्याकडे आहे.

सुरुवातीचा काळ शिकवण्यात गेलाच नाही. चार्जिंग, पासवर्ड आणि ‘बाई, आमचा अपडेट मागतोय’ यातच गेला. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं टॅब वाटण्यात आणि गोळा करण्यात गेली तर उरलं काय? हळूहळू एक घडी बसली. प्रत्येक टॅबच्या पाठीवर मोठा क्रमांक, तोच क्रमांक स्क्रीनच्या वॉलपेपरवर. ठरलेल्या जोडीला ठरलेला टॅब, म्हणजे काल अर्धवट राहिलेलं काम आज तिथंच सापडतं, आणि काच तडकली तर कोणाच्या हातात तडकली हेही कळतं. आपोआप होणारे अपडेट बंद करून ठेवलेत. ते सुट्टीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, एकत्र करते. मुलं व्हिडिओ काढतात, मेमरी भरते आणि ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी टॅब हात टेकतो, म्हणून जुन्या फायली वेळच्या वेळी काढणं हेही एक कामच. टॅब आल्यावर शिक्षकाचं काम कमी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी चार्जिंगच्या कपाटाची किल्ली देऊ करते. अजून कोणी घेतली नाही.

खात्यांचा घोळ वेगळाच. बहुतेक सेवांच्या अटींत १३ वर्षांखालच्या मुलांनी स्वतःचं खातं उघडायचं नाही असं असतं. याचं मूळ मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेसाठी अमेरिकेत १९९८ साली झालेल्या कायद्यात आहे. ती वयाची रेघ पुढे जगभरच्या ॲप्सनी उचलली. त्यामुळे एखादं ॲप वर्गात आणायचं तर मी आधी हेच बघते, की खातं न उघडता चालतं का आणि नेट गेलं तरी चालतं का. गणिताच्या आकृत्यांचं जिओजेब्रा चालतं, लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्क्रॅचज्युनियर चालतं, प्रयोगांचं फायफॉक्स चालतं, छोट्या शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्री चालतं. या एका चाळणीतच अर्धी यादी गळाली.

मुलं भलतंच काही उघडून बसतील ही भीती सगळ्यांनाच असते. अँड्रॉइडवर एकच ॲप ‘पिन’ करून ठेवता येतं, आयपॅडवर त्याच कामासाठी ‘गायडेड ॲक्सेस’ आहे. चाचणीच्या वेळी मी ते वापरते. एरवी नाही. एरवी मी माझी उभं राहायची जागा बदलली. फळ्यापाशी उभं राहिलं की मला टॅबच्या पाठी दिसतात. वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं की सगळे स्क्रीन दिसतात. इतकी वर्षं पुढून शिकवलं, आता निम्मा तास मागून शिकवते. आणि ‘टॅब पालथे’ म्हटलं की काच बाकाकडे, हात बाजूला. हा एक शब्दप्रयोग मुलांच्या अंगवळणी पडला आणि माझा घसा वाचला.

टॅब दोघांत एक आहे. आधी ही अडचण वाटायची. आता प्रत्येकाला एकेक मिळाला तरी मी जोड्याच ठेवीन. एकट्याच्या हातात टॅब असला की मूल गप्प होतं. दोघांत असला की ‘अरे तसं नाही, थांब, मला दाखव’ सुरू होतं, आणि मला ऐकायचं असतं ते नेमकं हेच.

हे ‘ऐकणं’ कसं सुरू झालं ते सांगते.

गणिताच्या सरावाचं एक ॲप होतं. प्रश्न येतो, खाली चार पर्याय, बरोबरला हिरवी खूण, चुकलं तर पुन्हा प्रयत्न करा. शिक्षकाला शेवटी सगळ्या वर्गाचा तक्ता मिळतो. दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा झाला तेव्हा तो तक्ता जवळजवळ सगळा हिरवा होता. मी मागे उभी राहून बोटं बघत होते. काही मुलांची बोटं प्रश्न वाचून होण्याच्या आधीच पर्यायांवर पोचत होती: पहिला, नाही, दुसरा, नाही, तिसरा, हिरवं, पुढे. बरं, ही मुलं आळशी नव्हती. खेळ ज्या रीतीने जिंकता येतो त्या रीतीने ती जिंकत होती.

मग एक दिवस ते ॲप बाजूला ठेवलं, कोऱ्या पांढऱ्या फळ्याचं ॲप उघडायला सांगितलं, स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं आणि फळ्यावर लिहिलं: ०.४५ आणि ०.५ यांत मोठं कोणतं? उत्तर लिहायचं नाही. कसं काढलंस ते बोल, बोलता बोलता बोटाने लिही. एका मिनिटात संपव.

त्या रेकॉर्डिंगमधलं एक अजून कानात आहे. सराव ॲपवर पूर्ण हिरवी असलेली एक मुलगी. आधी तिचं बोट दोन्ही संख्या सुबक लिहितं, मग पहिल्या संख्येतल्या ४५ भोवती गोल आणि दुसरीतल्या ५ भोवती गोल. आवाज अगदी ठाम: ‘पंचेचाळीस मोठे का पाच? पंचेचाळीस. म्हणून हे मोठं.’ आणि शेवटी एक समाधानाचं ‘झालं’. मग तक्त्यावर ती हिरवी कशी? मी सराव ॲपचे प्रश्न पुन्हा काढून पाहिले. बहुतेक प्रश्नांत दोन्ही संख्यांना दशांश चिन्हानंतर सारखेच अंक होते: ०.४५ आणि ०.५२, ०.३ आणि ०.८. अशा प्रश्नांना तिची रीत कुठेच अडत नाही. चुकीच्या रीतीने दरवेळी बरोबर उत्तर येत होतं.

शेजारच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर बरोबर होतं, ०.५ मोठं. पण त्याचं म्हणणं असं: ‘शतांश दशांशापेक्षा लहान असतात ना, मग ज्यात शतांश आहेत ती संख्या लहान.’ कागदावर याला मी पूर्ण गुण दिले असते. त्यालाच ०.७३ आणि ०.६ विचारलं, तर त्याच हिशेबाने त्याने ०.६ मोठं ठरवलं. एकीला लांब संख्या मोठी वाटते, दुसऱ्याला लांब संख्या लहान वाटते. दोघांनाही ‘दशांश अपूर्णांक येत नाहीत’ म्हणून एकच जादा सराव दिला असता, तर दोघांचंही काही सुधारलं नसतं.

उपाय मात्र टॅबवरच सापडला, आणि तो चिमटीत होता. जिओजेब्रात आडवी संख्यारेषा उघडायची आणि ०.४५ शोधून दाखवायचं. आधी ० आणि १ एवढंच नीट दिसतं. दोन बोटं फाकवली की रेषा ताणली जाते, मधे दशांशाच्या खुणा उमटतात. आणखी फाकवली की ०.४ आणि ०.५ च्या मधल्या जागेत शतांश दिसायला लागतात. तिथे ०.४५ दिसलं की त्याच्या उजवीकडे ०.५ आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. त्या मुलीने रेषा पुढे-मागे बऱ्याचदा ताणली. मग म्हणाली, ‘म्हणजे पंचेचाळीस आहेत, पण ते बारीक पंचेचाळीस आहेत.’ ही व्याख्या कुठल्या पुस्तकात नाही. पण मी ती फळ्यावर लिहिली.

तेव्हापासून रेकॉर्डिंग हे रोजचं झालं. रोज म्हणजे सगळ्यांचं नव्हे. एवढ्या मुलांची मिनिट-मिनिट रेकॉर्डिंग ऐकत बसले तर घरी स्वयंपाक कोण करणार! दररोज पाच-सहा जोड्या, हजेरीच्या क्रमाने, आणि बाकीच्या जोड्या तेच वहीत लिहितात. गोंगाटाचाही प्रश्न त्यातून सुटला. सगळा वर्ग एकदम बोलायला लागला की प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या बाकावरचं उत्तर ऐकू येतं. रेकॉर्ड करणाऱ्या जोड्या दाराबाहेरच्या पडवीत किंवा वर्गाच्या कोपऱ्यात. मुलं फायली माझ्या टॅबवर जवळच्या जवळ पाठवतात, त्याला नेट लागत नाही. चेहरा घ्यायचा नाही, फक्त स्क्रीन आणि आवाज, हा नियम पहिल्यापासून आहे. पालकांची संमती घेतली आहे आणि सत्र संपलं की सगळं पुसून टाकते.

यातून काही मुलं मला नव्याने कळली. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा आहे. बोलताना अडखळतो, म्हणून हात वर करत नाही. त्याची रेकॉर्डिंग दोन-दोनदा काढलेली असायची. पहिलं पुसून दुसरं केलेलं. ते दुसरं इतकं मुद्देसूद असायचं, की त्याच्या परवानगीने मी एकदा ते सगळ्या वर्गाला ऐकवलं. पुसून पुन्हा बोलायची मुभा वर्गात हात वर करणाऱ्याला कधी मिळते? दृष्टी अधू असलेल्या एका मुलीला फळ्याचा फोटो काढून तो हवा तेवढा मोठा करता येतो. तिच्या बाबतीत ‘टॅबचा उपयोग काय’ ही चर्चा तिथेच संपते.

आता जिओजेब्राबद्दल थोडं, कारण तेच ॲप मी सगळ्यात जास्त दिवस वापरते आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ साली हे सुरू केलं आणि शिकवण्यासाठी ते आजही मोफत आहे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, हे मी पूर्वी फळ्यावर एक त्रिकोण काढून, कोनमापकाने मोजून दाखवायची. एकच त्रिकोण, तोही माझ्या सोयीचा. टॅबवर प्रत्येक जोडीने आपला त्रिकोण काढला, कोन मोजायला लावले आणि एक शिरोबिंदू बोटाने ओढत राहिले. आकडे भराभर बदलतात, बेरीज मात्र हलत नाही. सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला: ‘बाई, आमचा त्रिकोण १७९.९ चा आहे.’

पाहिलं तर खरंच. ४३.३, ६१.३ आणि ७५.३. बेरीज १७९.९. बाकीची मुलंही आपापले आकडे मिळवायला लागली आणि आणखी एका जोडीकडे १८०.१ निघाले. वर्गात दोन पक्ष पडले. एक म्हणे टॅब बिघडला, दुसरा म्हणे नियमच ‘साधारण’ आहे. मी लगेच उत्तर दिलं नाही. कोन किती दशांश स्थळांपर्यंत दाखवायचे ते बदलता येतं, ते एकावरून दोनवर न्यायला सांगितलं. ४३.३३, ६१.३३ आणि ७५.३४. बेरीज १८०. म्हणजे प्रत्येक कोनाचा थोडा थोडा भाग कापला गेला होता आणि तिघांचं कापलेलं मिळून ०.१ झालं होतं. मग कोणीतरी विचारलं, ‘पण दोन स्थळांनंतरही काही कापलं असेल तर?’ हा प्रश्न आला आणि टॅब पालथे झाले. कितीही मोजलं तरी मोजण्यातून खात्री होत नाही, हे त्यांच्याच तोंडून आलं होतं. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून मी फळ्यावर सिद्धता दिली. सिद्धता कशासाठी असते हे मला त्या वर्गाला समजावून सांगावं लागलं नाही.

विजेच्या पाठाला फेटच्या प्रतिकृती वापरते, म्हणजे स्क्रीनवर करून पाहायचे प्रयोग (सिम्युलेशन). हा प्रकल्प कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रातले नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला. प्रतिकृती ब्राउझरमध्ये मोफत चालतात, आधी उतरवून ठेवल्या तर नेटशिवायही, आणि काही मराठीतूनही मिळतात. सर्किट जोडायच्या प्रतिकृतीत घटाच्या दोन्ही टोकांना सरळ तार जोडली की आग लागलेली दिसते. हे एका जोडीला कळायला जेमतेम मिनिट लागलं आणि पुढच्या मिनिटाला सगळ्या वर्गात वणवा पेटला होता. मी पेटू दिला. आग कधी लागते आणि कधी नाही याची नोंद वहीत करा म्हटलं, आणि शॉर्टसर्किटचा अर्धा पाठ तिथेच झाला.

पण क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे: आधी खरा घट, खरी तार, खरा दिवा. स्क्रीनवर जोड कधी सैल होत नाही, तारेचं टोक घासावं लागत नाही, दिवा फिरवून घट्ट करावा लागत नाही. ज्या मुलाने हे हाताने केलेलं नाही त्याला स्क्रीनवरचं सर्किट हा एक खेळ वाटतो. हाताने केलेल्या मुलाच्या मनात मात्र तोवर प्रश्न तयार असतो: तारेच्या आत चाललंय काय? ते खऱ्या तारेत दिसत नाही, प्रतिकृतीत दिसतं. निळे इलेक्ट्रॉन एकामागोमाग सरकतात, आणि दिव्याच्या अलीकडे जेवढ्या वेगाने, पलीकडेही तेवढ्याच वेगाने. ‘दिवा वीज खातो, म्हणून पुढे कमी उरते’ असं बहुतेक मुलांना वाटत असतं, मोठ्यांनाही वाटतं. दोन्ही बाजूंना विद्युतप्रवाह मोजणारा अमीटर लावून सारखाच आकडा दिसला की मुलं गप्प होतात. मग खातो ते काय, हा पुढचा प्रश्न, आणि तिथून ऊर्जेकडे जाता येतं.

फायफॉक्स हे ॲप मात्र वर्गाबाहेरचं. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठात २०१६ साली तयार झालेलं, टॅबमधले सेन्सर प्रयोगासाठी खुले करून देणारं. स्वस्तातल्या टॅबमध्ये सगळे सेन्सर नसतात, पण माइक असतोच, आणि ध्वनीचा वेग मोजायला तेवढा पुरतो. दोन टॅब एकमेकांपासून १० मीटरवर ठेवायचे. दोन्हीकडे आवाजावर चालू-बंद होणारं स्टॉपवॉच लावायचं. पहिल्या टॅबजवळच्या मुलाने टाळी वाजवली की त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, लांबचं थोडं उशिरा. मग दुसऱ्या टॅबजवळचा टाळी वाजवतो. त्याचं लगेच थांबतं, पहिलं थोडं उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला जायला आणि यायला, एकूण २० मीटरला, लागलेला वेळ. सुमारे ०.०६ सेकंद. २० ला त्याने भागलं की झालं.

कागदावर झालं. मैदानावर पहिल्यांदा घड्याळ थांबलं ते कोणाच्या तरी हसण्याने, नंतर कावळ्याने, नंतर वाऱ्याने. किती मोठा आवाज ‘टाळी’ धरायचा ते ॲपमध्ये ठरवता येतं. ती मर्यादा वर-खाली करण्यात बराच वेळ गेला, पण तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. आकडे आले ते कोणाचे ३१०, कोणाचे ३८०. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो. सगळ्यांची सरासरी काढली तर त्याच्या बऱ्यापैकी जवळ गेली, आणि अंतर मोजताना टेपला झोळ असलेली जोडी आपोआप सापडली. एवढ्या लहान वेळाचं मोजमाप त्या मुलांनी आपल्या टाळीने केलं. आमच्या लहानपणी हा आकडा पाठ करायचा असायचा.

मराठीच्या तासाला बोलून टाइप करण्याची सोय वापरायला सुरुवात केली ती लिहायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी. फायदा झाला तो भलताच. आमच्या टॅबवर बोललेला मजकूर येतो तो विरामचिन्हांवाचून, सलग. एका मुलाने रात्रीची गोष्ट सांगितली आणि स्क्रीनवर आलं: ‘कुत्रा आला नाही भुंकला मी दार उघडलं’. मी ते मोठं करून सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, कुत्रा आला का? अर्धा वर्ग ‘हो’, अर्धा ‘नाही’. एकाचं ‘कुत्रा आला. नाही भुंकला.’ दुसऱ्याचं ‘कुत्रा आला नाही. भुंकला.’ मग पूर्णविराम कुठे द्यायचा यावर इतकी हमरीतुमरी झाली, की शेवटी ज्याची गोष्ट त्यालाच विचारावं लागलं. कुत्रा आला होता. आता दर आठवड्याला असा एक सलग मजकूर कागदावर उतरवून घेतो आणि चिन्हं पेन्सिलीने भरतो. बोललेला मजकूर टॅबचा, चिन्हं हाताची.

हाताचंच बोलायचं तर काही गोष्टी मी टॅबवर नेल्या नाहीत आणि नेणार नाही. लांब पाठ वाचणं पुस्तकातूनच. कंपासने वर्तुळ काढणं कागदावरच. बोट टेकवून परिपूर्ण वर्तुळ मिळालं की त्रिज्या हातात कळत नाही. भागाकाराची मांडणी वहीत. वेळेवर गुण देणाऱ्या प्रश्नमंजुषा तर मी पार बंद केल्या. सगळ्यात आधी बोट टेकवणाऱ्याला जास्त गुण, पडद्यावर पहिल्या पाचांची नावं, संगीत, जल्लोष. दिसायला वर्ग रंगलेला दिसतो. पण ती पाच नावं दर वेळी तीच असतात, आणि विचार करून उत्तर देणारी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नानंतर काहीही दाबायला लागतात.

पालकसभेत स्क्रीनचा प्रश्न येतो आणि यायलाच हवा. ‘घरी मोबाइल सोडत नाही, आता शाळेतही तेच?’ असं एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली पिसा चाचण्यांच्या, म्हणजे अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या चाचण्यांच्या, निकालांवरून अहवाल काढला होता. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञानात लक्षात येईल अशी सुधारणा त्यात दिसली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं आणि मग मुलांची दोन रेकॉर्डिंग ऐकवली, आवाज ओळखू येणार नाही अशी बदलून. ते दशांश अपूर्णांकाचंच, ‘पंचेचाळीस मोठे का पाच’. सभेत हशा पिकला. मग त्याच गृहस्थांनी हळूच विचारलं, ‘यातलं चूक काय आहे?’ त्यांना जिओजेब्रावरची रेषा ताणून दाखवली. आमच्याकडे टॅब दिवसाला एखादा तास चालतो, तोही सलग नाही, हेही त्यांना सांगून ठेवलं.

सध्या एक नवीन अडचण आहे. मुलं हुशार झाली आहेत. रेकॉर्डिंग बाई ऐकतात हे कळल्यापासून काही जण आधी शेजाऱ्याकडून बरोबर रीत ऐकून घेतात, पाठ करतात आणि मग गोड आवाजात बोलतात. त्यांत एक अडखळण नाही, एक ‘थांब, थांब’ नाही. ऐकताक्षणी कळतं की हा विचार नव्हे, हे भाषण आहे. म्हणून गेल्या काही आठवड्यांपासून प्रश्न उलटा देते. फळ्यावर चुकलेलं उत्तर लिहायचं, ०.३ × ०.३ = ०.९, आणि सांगायचं: हे ज्याने काढलं तो वेडा नाही, त्याने काहीतरी विचार केला आहे. काय केला असेल ते बोल. याला पाठ करायला काही सापडत नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांनी ‘तीन त्रिक नऊ, आणि पुढचं शून्य पूर्णांक तसंच उतरवलं’ असं बरोबर पकडलं. एका जोडीने मात्र वेगळंच सांगितलं: त्याने गुणाकार केलाच नाही, ०.३ तीनदा मिळवले. ०.३ अधिक ०.३ अधिक ०.३, म्हणजे ०.९. ही शक्यता माझ्या डोक्यात आली नव्हती. आता ती दोन्ही रेकॉर्डिंग वर्गाला ऐकवायची आहेत आणि विचारायचं आहे, की यातला कोणता मुलगा कोणता हे ओळखायला त्याला पुढचा प्रश्न काय द्याल.